भिंतीची गळती

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या ग्रंथालयाच्या भिंतीला गळती आहे.
रात्री दहाला मी कुलूप घालतो, किल्ली कमरेला,
आणि आतलं वायफाय विटांमधून झिरपत
बाहेर फरशीवर येऊन बसतं.

मग पोरं येतात.
किसुमूत सरोवरावरून चिलटांचे ढग येतात ना,
एकाच दिव्यावर घोंगावत, तशी.
पाठ भिंतीला, गुडघे छातीशी,
तोंडावर निळा उजेड.
कोण हृदयाच्या झडपा बघतंय,
कोण फुटबॉल,
कोण दुसऱ्याच्या सुटीचे फोटो, न संपणारे.
लांबून सगळेच अभ्यासू दिसतात.
डीनबाई विचारतात, रात्री कोण असतं तिथे?
चिलटं, मी म्हणतो.

अपोंडी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची.
वर्गात साठ जण, पुस्तक एक.
ते हाती येईतो परीक्षा होऊन जायची.
म्हणून ती फोनवर बघायची:
कुठल्याशा थंड देशातली एक जाडजूड बाई
जखम कशी धुवायची ते दाखवते,
मधेच तिचं मांजर टेबलावर चढतं.
अपोंडी थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा.
हवेत तिची बोटं चालायची
नसलेल्या जखमेवर.
मांजर आलं की दर वेळी हसायची.

मार्चात प्रात्यक्षिक झालं.
रबरी हात, खरी सुई, समोर परीक्षक.
हिचा हात थरथरला, सुई टेबलाखाली गेली.
नऊ सेकंद.
कोणीतरी ते टिपले,
मागे ढोल लावला, वर लिहिलं:
'सासू नकोशी झालीय? या ताईंना बोलवा.'
दुपारच्या चहापर्यंत ते
एल्डोरेटला पोचलं, मोम्बासाला पोचलं,
बाजारात तिच्या आईच्या फळीवर पोचलं,
वाळत घातलेल्या ओमेना मासळीच्या ढिगाशेजारी.

अकरा रात्री भिंतीशी तिची जागा रिकामी.
बाकीचे जरा सरकून बसले, एवढंच.
एकाने ग्रुपवर 'सॉरी' लिहिलं म्हणे,
पुढे हसून लोळणारा पिवळा चेहरा जोडून.

बाराव्या रात्री वीज नव्हती.
भिंत कोरडी. कोणी फिरकलं नाही.
ती आली. बसली नाही.
माझ्या बुटाकडे बघत म्हणाली,
'म्झे ओगुतू, तुम्ही महिनाभर लंगडताय.'
साखर आहे मला. टाचेचं जुनंच चिघळलेलं,
बूट काढायचंच टाळत होतो.
तिने पिशवीतून बाटली काढली, कापूस, पट्टी,
म्हणजे ठरवून आली होती.
फोनचा टॉर्च लावून माझ्या हाती दिला:
'इथे धरा.'

आतून बाहेर, गोल.
नवा बोळा. पुन्हा नवा.
हात थरथरत होता तिचा,
थरथरतच चालत होता,
आणि कुठेही चुकत नव्हता.
'इथे त्या बाईचं मांजर येतं,' ती म्हणाली.

उजेड मात्र हलला.
तो माझ्या हातात होता.

तिला सांगितलं नाही मी
की पुतण्याने ते नऊ सेकंद मलाही पाठवले होते.
याच खुर्चीत बसून पाहिले.
चष्मा नव्हता, चेहरा कळला नाही,
ढोल तेवढा कळला.
हसलो. पुन्हा लावून हसलो.
मग भाच्याला पाठवले.
मी, जो डोळ्यांत तेल घालून
या कुंपणातून एक वीट बाहेर जाऊ देत नाही.

एवढ्यात वीज आली.
भिंत पुन्हा गळू लागली.
माझ्या मुठीत तिचा फोन थरथरला,
बारा दिवसांचं सगळं एकदम आल्यासारखा
थरथरतच राहिला.
मी तो पुढे केला.
तिने वर पाहिलं नाही.
'असू दे,' म्हणाली,
'उजेड इकडे.'